लॅपटॉप नवा मिळेल, हिशेब नवा मिळत नाही



पावसाळी बंदीचे ६१ दिवस, १ जून ते ३१ जुलै, आपण ट्रॉलर बांधून ठेवतो, पण हातावर हात ठेवून बसत नाही. इंजिन उघडतो, जाळी दुरुस्त करतो, विंचचा दोर तपासतो, रंगकाम करून घेतो. एकदा ऑगस्टात बाहेर पडलो की समुद्रात मेकॅनिक मिळत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

पण घरातल्या कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक लॅपटॉप असतो. डिझेलची बिलं त्यात, व्हॅट परताव्याचे अर्ज त्यात, होडीच्या नोंदणीचे आणि विम्याचे स्कॅन केलेले कागद त्यात, खलाशांची उचल त्यात. त्याच्याकडे बंदीत कोणी बघत नाही. तो बंद पडला की मग धावाधाव. आणि त्या धावपळीत आपण दोन चुका करतो: जुना फुकापासरी देऊन टाकतो आणि नवा चुकीचा घेतो. या दोन्ही चुकांच्या काठावर मी स्वतः उभी राहून आले आहे, म्हणून लिहिते.

आमच्या ट्रॉलरचा हिशेब मी ठेवते. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांची लाल वही होती. पुढे मीच हट्टाने सगळं एक्सेलमध्ये घेतलं. सुरुवातीला वही आणि लॅपटॉप दोन्हीकडे लिहायचे. मग आळस आला, वही सुटली. गेल्या बंदीत, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, नऊ वर्षांचा आमचा लॅपटॉप सुरूच होईना. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पडदा काळा.

शहरातल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने दहा मिनिटं बघितलं आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेला. दुरुस्तीला दहा हजार लागतील, टिकेल याची गॅरंटी नाही. त्यापेक्षा नवीन घ्या. जुन्याचे दीड हजार देतो." मी विचारलं, "आतल्या फाईलींचं काय?" तो म्हणाला, "वहिनी, मशीनच गेली, आता फाईली कुठल्या?" आमचे हे दीड हजार घ्यायला तयारही झाले होते. मी नको म्हटलं. फार काही कळत होतं म्हणून नव्हे. सासऱ्यांचे फोटो त्यात होते, एवढंच डोक्यात होतं.

चार दिवसांनी खलाशी गावाहून परत आले. त्यातला एक ओडिशाचा पोरगा, आमच्याकडे तीन सीझन आहे. मागच्या सीझनला त्याने घर दुरुस्तीसाठी १८ हजारांची उचल घेतली होती. माझ्या आठवणीप्रमाणे त्यातले सहा हजार अजून फिटायचे होते. तो म्हणाला, "भाभी, मेरा तो पूरा कट गया था." मी म्हटलं, नाही रे, सहा बाकी आहेत. तो गप्प बसला. वाद घातला नाही. वाद घालून काय करणार, हिशेब आमच्या घरात, काम आमच्या बोटीवर.

त्याच संध्याकाळी माझा भाचा आला. कॉलेजात आहे, असल्या गोष्टींचा नाद. त्याने लॅपटॉप उलटा केला, मागचे दहा-बारा स्क्रू काढले, आतून पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडी मोठी अशी हार्डडिस्क बाहेर काढली. बाजारातून आणलेल्या चारशे रुपयांच्या केसात ती बसवली आणि पेनड्राईव्ह लावतात तशी स्वतःच्या लॅपटॉपला लावली. सगळं जिथल्या तिथे. उचलीची फाईल उघडली. २२ एप्रिल, सहा हजार रुपये जमा, बाकी शून्य. माझ्याच हाताने लिहिलेलं.

मंडळी, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं आठवत होतं. त्या दुकानात दीड हजार घेतले असते, तर मी त्या पोराचे सहा हजार कापले असते, तेही अगदी प्रामाणिकपणे. आणि त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं: आपल्या लॅपटॉपातला हिशेब एकट्या आपल्या मालकीचा नसतो. त्यात खलाशाचे पैसे असतात, भागीदाराचा वाटा असतो, बर्फवाल्याची बाकी असते. तो सांभाळणं हे नुसतं सोयीचं काम नाही, ती आपली जबाबदारी आहे.

मशीन मेली म्हणजे डिस्क मेली असं नाही

हे वाक्य कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. इंजिन बसलं म्हणून शीतपेटीतली मासळी नासत नाही, तसंच हे. पडदा फुटला, चार्जिंग होत नाही, मदरबोर्ड जळला, विंडोज सुरू होत नाही, या बहुतेक बिघाडांत फाईली ज्या डिस्कवर असतात ती शाबूत असते. तेव्हा कोणी "डेटा गेला" म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: "डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघितली का?" बघितली नसेल तर तो अंदाज आहे, निदान नाही.

जुन्या लॅपटॉपात अडीच इंची साटा डिस्क असते. तिचा केस किंवा केबल तीनशे ते पाचशेपर्यंत मिळते. नव्या पातळ लॅपटॉपात च्युइंगमच्या पट्टीसारखी एम-२ एसएसडी असते. तिचा केस वेगळा, थोडा महाग, आणि त्यातही दोन प्रकार आहेत, म्हणून डिस्क सोबत घेऊनच दुकानात जा. काही अगदी स्वस्त लॅपटॉपांत ही जागा मदरबोर्डवरच चिकटवलेली असते, ती निघत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

डिस्क दिसली पण तुमच्या नावाच्या फोल्डरवर परवानगी नाही असा निरोप आला, तर घाबरू नका. पुढे जाण्याचं बटण दाबलं की थोडा वेळ घेऊन बहुतेक वेळा फोल्डर उघडतो. पण डिस्क ४८ आकडी किल्ली मागत असेल तर गोष्ट वेगळी. नव्या लॅपटॉपांत बिटलॉकर नावाचं कुलूप बरेचदा आपोआप लागलेलं असतं. त्याची किल्ली सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात असते. आता अडचण बघा: ते खातं बहुतेक घरांत दुकानातल्या पोराने कुठल्या तरी ईमेलवर उघडून दिलेलं असतं. ती किल्ली नसेल तर डिस्क चांगली असूनही काही निघत नाही, कोणाकडूनही निघत नाही. ज्यांचा लॅपटॉप आज धडधाकट आहे त्यांनी आजच ते खातं कोणतं ते शोधा, किल्ली कागदावर लिहा आणि होडीच्या कागदांच्या फाईलीत लावून ठेवा.

डिस्कमधून टकटक, खरखर असा आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. ती पडलेली किंवा घासलेली असते, दर वेळी चालवली की आणखी घासते. फ्रीजमध्ये ठेवा म्हणून सांगणारे भेटतील. डिस्क म्हणजे बांगडा नव्हे, बर्फात टिकत नाही, उलट आत दव धरतं. अशी डिस्क डेटा काढणाऱ्या खास लॅबमध्येच द्यावी. खर्च हजारांत जातो. आधी तपासणीची फी किती, काही निघालं नाही तर किती द्यायचे, हे लिहून घ्या. आणि मनाशी ठरवा: आत जे आहे त्याची किंमत तेवढी आहे का? विम्याचा दावा अडला असेल तर असेल. जुनी गाणीच असतील तर सोडून द्या.

चुकून पुसलेली फाईल हा तिसरा प्रकार. अशा वेळी त्या डिस्कवर नवीन काहीही उतरवू नका, सॉफ्टवेअरसुद्धा नाही. पुसलेल्या फाईलीची जागा रिकामी समजून मशीन त्यावर नवं लिहितं, आणि मग ती खरोखरच जाते. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून फोटोरेक किंवा रिकुवा यांसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने शोधा, आणि सापडलेलं दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर यश येण्याची आशा असते. एसएसडीवर पुसलेलं बहुधा परत येत नाही, कारण ती रिकामी झालेली जागा आतल्या आत साफ करून टाकते.

आणि आपल्या धंद्यातला खास प्रकार: खारं पाणी. लॅपटॉपवर खारं पाणी पडलं तर चालू आहे का बघायला बटण दाबू नका. चार्जर काढा, बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि त्याच दिवशी उघडणाऱ्याकडे न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही. पाणी सुकलं तरी मीठ राहतं आणि तांबं खातं. आपल्या वायरिंगचं काय होतं ते आपण रोज बघतो.

फाईली कुठे असतात ते आधी लिहून काढा

डिस्क लावली की लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलतात आणि समाधानाने जुनी मशीन भंगारात देतात. आठ दिवसांनी कळतं की टॅलीचा डेटा राहिला. टॅलीचा डेटा फोल्डर वेगळ्या जागी असतो, तो शोधून पूर्ण उचलावा लागतो. डाऊनलोड्समध्ये सरकारी पोर्टलवरच्या पावत्या पडलेल्या असतात. ईमेल आउटलुकमध्ये असेल तर त्याचीही फाईल वेगळी. पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन केलेले असतात आणि ते डिस्क दुसरीकडे लावून सहजी वाचता येत नाहीत. म्हणून कॉपी झाली तरी जुनी डिस्क सहा महिने तरी तशीच ठेवा. जागा किती घेते? एका डबीत मावते.

मराठीत टाईप केलेल्या जुन्या फाईलींचा घोळ तर सगळ्यांनाच माहीत असायला हवा. सोसायटीची जुनी इतिवृत्तं, सभेच्या नोटिसा, अर्ज हे पूर्वी श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरवर टाईप व्हायचं. नव्या मशीनवर ती फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाईल खराब झाली असं समजून लोक पुसून टाकतात. ती खराब नसते, फक्त तो फॉन्ट नव्या मशीनवर नसतो. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचा फोल्डर असतो, तो उचलून ठेवा. तो फॉन्ट नव्या मशीनवर बसवला की मजकूर पुन्हा मराठी दिसतो. मग तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे मोबाईलवरही वाचता येईल.

आमच्या डिस्कवर अजून एक गोष्ट सापडली, जी मी विसरून गेले होते. सासरे तांडेल होते. कुठे खडपावर जाळं फाटतं, कुठे बुडालेल्या बोटीचा सांगाडा आहे, हे त्यांनी वर्षानुवर्षं जीपीएसवर पॉइंट मारून ठेवलं होतं. जुना जीपीएस बदलताना भाच्याने ते पॉइंट कार्डावरून लॅपटॉपात घेतले होते. सासरे आता नाहीत. ते पॉइंट दुसरीकडे कुठेच नव्हते. आमचे हे ती यादी बघून बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता नवा घ्यायचा तर कोणता

आमच्या धंद्यात लॅपटॉपला काम काय? हिशेब, टॅली, सरकारी पोर्टल, कागद स्कॅन करणं, ईमेल, पोरांचा अभ्यास. यासाठी पन्नास हजारांची गरज नाही. पण सगळ्यात स्वस्त नवा घेणं ही सुद्धा बचत नाही, आणि इथे माझं आपल्या सोसायट्यांशी थोडं भांडण आहे.

खरेदीला तीन कोटेशनं येतात, सगळ्यात कमी दराचं पास होतं. विंडोज ११ चालायला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. म्हणून विकणारा नेमकं तेवढंच देतो आणि "विंडोज ११ चालतं" असं खरं सांगूनच विकतो. चालतं म्हणजे कसं, तर एका सिलेंडरवर चालणाऱ्या इंजिनासारखं. ६४ जीबीतली बरीचशी जागा विंडोजच खातं. वर्षभरात अपडेट उतरवायला जागा उरत नाही. आणि मघाशी म्हटलं ते इथे येतं: या मशीनींत ती जागा बहुधा ईएमएमसी प्रकारची, बोर्डवरच चिकटवलेली असते. बोर्ड गेला की चारशेच्या केसाने फाईली निघत नाहीत. म्हणजे स्वस्तात घेतलेली मशीन बिघडते तेव्हा सगळ्यात महाग पडते.

माझं मत स्पष्ट आहे. बजेट कमी असेल तर नव्या कमजोर लॅपटॉपपेक्षा कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला, तपासून दुरुस्त केलेला जुना लॅपटॉप घ्यावा. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचे. ते ऑफिसच्या रोजच्या वापरासाठी बांधलेले असतात, बिजागऱ्या मजबूत असतात, सुटे भाग मिळतात, आणि बहुतेकांत रॅम आणि डिस्क बदलता येते. मी असाच एक २४ हजारांना घेतला. भाव बांगड्यासारखा हलतो, त्यामुळे आकडा धरून बसू नका. या चार गोष्टी धरून बसा.

पहिली, रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको.

दुसरी, २५६ जीबीची एसएसडी हवी, आणि ती काढता येणारी हवी. विचारा, "डिस्क निघते का?" हा प्रश्न आपण विचारत नाही, तोच पुढे उपयोगी पडतो.

तिसरी, प्रोसेसरची पिढी. आय-५ म्हटलं की आपण खूश होतो, पण आय-५ दहा वर्षांपूर्वीचाही असतो. पुढचा आकडा वाचा. ८२५० असेल तर आठवी पिढी, ७२०० असेल तर सातवी, ११३५ असेल तर अकरावी. इंटेलमध्ये आठवीपासून पुढच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळतं. विंडोज १० साठी नेहमीचे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. काही दुकानदार सहाव्या-सातव्या पिढीवर आडमार्गाने विंडोज ११ घालून देतात. आज चालेल, उद्याच्या अपडेटची हमी नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे हा जुगार नको.

चौथी, जीएसटी बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी. "आपला माणूस आहे, बिल कशाला" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आपला माणूस बिल देतो.

दुकानात बसूनच तपासा. बॅटरीचा रिपोर्ट काढून दाखवायला सांगा: मूळ क्षमता किती, आता किती भरते. निम्म्याच्या खाली असेल तर नवी बॅटरी मागा किंवा भाव उतरवा. प्रत्येक की दाबून बघा. यूएसबीच्या सगळ्या खाचांत पेनड्राईव्ह घालून बघा. चार्जर मूळ कंपनीचा आहे का बघा. बंद करून चालू करताना जुन्या कंपनीचा पासवर्ड मागतो का ते बघा. मागत असेल तर हात लावू नका. आणि दुकानदाराने "ऑफिस फुकट टाकून देतो" म्हटलं तर नको म्हणा. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस घरात येतो. पत्र लिहायला आणि साधा हिशेब ठेवायला लिब्रेऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे.

याला विरोध करणारे काय म्हणतील ते मला माहीत आहे. "सोसायटीने सेकंडहॅण्ड घेतला तर ऑडिटवाला विचारेल." विचारू दे. बिल आहे, वॉरंटी आहे, ठरावात कारण लिहिलेलं आहे, मग अडचण कसली? आणि ज्यांना नवाच हवा त्यांनी जरूर घ्यावा, पण मग याच चार अटींवर, आणि त्याला लागतील तेवढे पैसे जास्त मोजून. कमी दराचं कोटेशन पास करायचं असेल तर आधी या अटी लिहा आणि मग त्यातला कमी दर बघा. जाळं घेताना आपण नुसता दर बघतो का? आधी धागा बघतो.

ज्यांचा जुना लॅपटॉप फक्त हळू चालतो, त्यांनी एक गोष्ट आधी करून बघावी. मशीन आठव्या पिढीची किंवा नंतरची असेल आणि आत फिरती हार्डडिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी घाला. नव्या लॅपटॉपपेक्षा कमी खर्चात तीच मशीन पळायला लागते, आणि जुनी डिस्क आपोआप बॅकअप म्हणून हातात राहते.

मोबाईलमध्ये आहे म्हणणाऱ्यांना

"वहिनी, आमचं सगळं मोबाईलमध्ये आहे," असं जेटीवर कोणीतरी म्हणतंच. दादा, तुमचा मागचा मोबाईल कुठे आहे? विंचवरून वाकलात आणि खिशातून गेला, तोच ना? व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं बिल काही महिन्यांनी उघडायला गेलं की पुन्हा पाठवायला सांगा म्हणतं. गुगलची फुकट जागा १५ जीबी, आणि आता अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जातो. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली की बॅकअप थांबतो.

आणि "कागद आहेत ना" म्हणणाऱ्यांना एवढंच: कागद हवेतच. पण आपल्याकडच्या पावसात वाळवी आणि बुरशी दोघीही वाचायला शिकल्या आहेत.

म्हणून साधा नियम ठेवा. महत्त्वाची प्रत्येक फाईल तीन ठिकाणी: एक लॅपटॉपात, एक पेनड्राईव्ह किंवा डिस्कवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे गुगल ड्राईव्हवर, किंवा माहेरी भावाच्या कपाटात. पेनड्राईव्ह लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवला तर तो बॅकअप नव्हे, तो सोबती. दोघेही एकदमच जातात. दर महिन्याच्या एक तारखेला कॉपी करा, आणि वर्षातून एकदा, बंदीत, ती कॉपी उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न तपासलेलं लाईफजॅकेट.

सोसायटीकडे माझ्या दोन मागण्या आहेत. ऑफिसात दोन्ही प्रकारचे डिस्क केस विकत घेऊन ठेवावेत, सभासदांना वापरायला. दोन हजारांच्या आत काम होईल. आणि दर बंदीत एक दिवस ठरवावा. सगळ्यांनी लॅपटॉप घेऊन यायचं, आपलीच शिकलेली पोरं आहेत, ती कॉपी करून देतील, बिटलॉकरची किल्ली लिहून देतील. इंजिनासाठी दोन महिने देतो, हिशेबासाठी एक दिवस द्या.

शेवटी, मी माझ्यापुरतं काय केलं ते सांगते. त्या पोराला दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं, फाईल दाखवली, माझी चूक झाली म्हणून सांगितलं. तो हसला, "कोई बात नहीं भाभी." पण तेव्हापासून दर महिन्याला पगार केला की प्रत्येक खलाशाच्या उचलीच्या पानाचा फोटो काढून मी त्याच्याच व्हॉट्सअॅपवर पाठवते. किती घेतले, किती कापले, किती राहिले. काही जण गावी बायकोला पुढे पाठवतात. माझा लॅपटॉप उद्या पाण्यात पडला तरी आठ जणांच्या मोबाईलमध्ये माझा हिशेब आहे, आणि त्यांच्या पैशांचा पुरावा त्यांच्या हातात आहे.

यंदा सीझन संपताना त्या पोराने माझी एक चूक काढली. मी त्याचे पाचशे जास्त कापले होते. फोटो दाखवूनच काढली. लगेच परत दिले.